अंगणातली वेडी बाभूळ पुन्हा फुटत असेल तर : माझा अनुभव

परभणीकडच्या आमच्या जुन्या मळ्यातल्या घराभोवती 8 वर्षं कुणी राहत नव्हतं. अंगणभर वेडी बाभूळ आणि गाजरगवत. बाभूळ दोनदा कुऱ्हाडीनं जमिनीलगत तोडली, बुंधे पेटवले, एकदा तणनाशकही मारलं. महिन्याभरात एका बुंध्यातून दहा-दहा कोंब. अक्षरशः रडू यायचं.

चूक तोडण्याच्या जागेत होती. हिचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, जमिनीखालच्या बुंध्याच्या गाठीवर असतात. वरून कापलं की तेच फुटतात.

काम पावसाळ्यातच धरा. उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी होते, पहार उसळते. चांगला पाऊस झाला, वाफसा आला, म्हणजे चिखल ओसरून माती नुसती ओलसर राहिली, की आधी फांद्या छाटा. हातभर खुंट ठेवा, हलवायला धरता येतो. बुंध्याभोवती टिकावानं फूटभर खोल आळं खणा. माती हातानं झाडली की मुठीएवढी खडबडीत गाठ दिसते, तिच्यावर बारीक लालसर कोंब. गाठीच्या खाली सगळी मुळं तोडा, गाठ अख्खी उपटून उन्हात उलटी टाका. शेंगा वेचून जाळा. शेळ्यांना घातल्या तर लेंडीतून बी परत अंगणात येतं.

गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटलं.

पुढच्या पावसात बियांची रोपं तेवढी आली, ती खुरप्यानं निघाली. खणलेल्या एकाही जागी कोंब नाही.