घरच्या घरी पहिलं मोठं सणाचं जेवण : बेत कसा आखावा

सणाच्या जेवणाची जबाबदारी पहिल्यांदाच आपल्यावर आली की आपण लगेच पाककृती शोधायला बसतो. ते दोन दिवस थांबू द्या. आधी एका कागदावर चार गोष्टी लिहा: जेवायला माणसं किती, जेवण किती वाजता, शेगडीला बर्नर किती आणि कामाला हात किती. यातलं शेवटचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कोणी लिहीत नाही.

मोठ्या सणाच्या जेवणाचं जे चित्र आपल्या मनात असतं, ते बहुतेकदा माणसांनी भरलेल्या घरातलं असतं. तिथे एक जण चिरत असतो, दुसरा ढवळत असतो, तिसरा वाढत असतो. चौघांच्या घरात राबणारे हात दोन, फार तर चार. तेवढ्या हातांनी तीच यादी करायला घेतली की जेवणाच्या वेळेपर्यंत करणारा माणूस थकून जातो आणि सगळ्यांबरोबर बसतच नाही. माझ्या मते सणाचं जेवण जमलं की नाही याची कसोटी हीच: ज्याने रांधलं तो सुरुवातीपासून बाकीच्यांच्या शेजारी बसून जेवला का? पुढचं सगळं नियोजन त्यासाठीच आहे.

बेत ठरवणे

एक हिशेब करून पाहा. मोठा माणूस भरपेट जेवला तरी सगळं मिळून साधारण अर्धा किलो अन्न खातो. म्हणजे चौघांना दोन किलो. पदार्थ दहा केले तर प्रत्येक पदार्थ दोनशे ग्रॅमच करायला हवा, आणि इतकं थोडं कोणी करत नाही. मग उरलेल्या अन्नाचे डबे आठवडाभर फ्रीजमध्ये राहतात. पाच पदार्थ पुरेसे आहेत: एक मुख्य, दोन जोडीचे, एक कच्चा किंवा ताजा आणि एक गोड. मुख्य पदार्थ मांसाचा असो वा भाजीचा, मेहनत आणि खर्च त्याच्यावर करा. बाकीचे साधे राहिले तरी चालतात.

आता प्रत्येक पदार्थापुढे लिहा, तो कधी करता येईल: आदल्या दिवशी, सकाळी की अगदी शेवटच्या अर्ध्या तासात. गोड पदार्थ आदल्या दिवशीचाच निवडा. थंड करून सेट होणारे पदार्थ आणि बरेचसे केक एक रात्र राहिले की उलट चांगले लागतात. रश्श्याचे, मंद आचेवर शिजणारे पदार्थही मुरल्यावर खुलतात. शेवटच्या अर्ध्या तासात एकच पदार्थ असू द्या. तळणीचा पदार्थ पहिल्या खेपेला टाळा असं मी आग्रहाने सांगेन, कारण तळणारा माणूस कढईपासून हलू शकत नाही आणि तळलेलं थांबलं की मऊ पडतं.

दुसरं पत्रक जागेचं. कोणता पदार्थ ओव्हनमध्ये, कोणता शेगडीवर, कोणता फ्रीजमधून थेट ताटात? दोन पदार्थांना एकाच वेळी वेगवेगळ्या तापमानाचा ओव्हन लागत असेल तर एक बदला.

नवा पदार्थ फार तर एक घ्या. तो आधीच्या एखाद्या सुट्टीत अर्ध्या प्रमाणात करून बघा. चवीपेक्षाही वेळ कळते हा त्याचा खरा फायदा, कारण पाककृतीत लिहिलेल्या वेळेत सोलणं-चिरणं बहुधा धरलेलं नसतं.

याच टप्प्यावर घरातल्या माणसांना विचारून घ्या. कोणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, कोणाला साखर किंवा मीठ कमी हवं, आजी-आजोबांना काय चावतं, लहान मूल तिखट किती खातं. प्रत्येकासाठी वेगळा पदार्थ करायची गरज नाही. तिखट घालण्याआधी एक वाटी बाजूला काढली तरी भागतं.

प्रमाण

कच्चा तांदूळ माणशी ६० ते ७५ ग्रॅम धरा, शिजल्यावर तो जवळपास तिप्पट होतो. बिनहाडाचं मांस माणशी १५० ते २०० ग्रॅम, हाडासकट असेल तर २५० ते ३००. सगळ्या भाज्या मिळून माणशी दोनशे ग्रॅमच्या आसपास, साली-देठं वेगळी. लहान मुलाला निम्मं.

पाककृती दोघांची असेल आणि तुम्ही चौघांसाठी करत असाल तर साहित्य दुप्पट होतं, पण सगळंच दुप्पट होत नाही. मीठ आणि तिखट दीडपट घालून चव बघा, मग वाढवा. पाणीही दुपटीपेक्षा थोडं कमीच लागतं, कारण पाण्याची वाफ होऊन जाणं भांड्याच्या तोंडावर अवलंबून असतं. तसंच, पातेलं मोठं झालं की उकळी यायला जास्त वेळ लागतो. तो वेळापत्रकात धरा.

सामान आणि भांडी

कोरडं सामान आठवडाभर आधी आणा, भाज्या आणि दुधाचे पदार्थ एक-दोन दिवस आधी. बाजारात जाण्यापूर्वी फ्रीज रिकामा करा. ठरवलेलं भांडं ओव्हनमध्ये मावतं का, हे त्यात काही शिजवण्याआधी बघा.

गोठवलेलं मांस आणणार असाल तर ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यातच सुटू द्या. दर दोन ते अडीच किलोला साधारण २४ तास लागतात. ओट्यावर ठेवलं तर आतला भाग गोठलेलाच असतो आणि बाहेरच्या भागावर जिवाणू वाढू लागतात. फारच घाई असेल तर पिशवी घट्ट बंद करून थंड पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला आणि सुटल्यावर लगेच शिजवा.

वाढायची भांडी आदल्या रात्रीच बाहेर काढा आणि प्रत्येकात पदार्थाच्या नावाची चिठ्ठी टाका. भांडं कमी पडतंय हे तेव्हाच कळतं, आणि आयत्या वेळी मदतीला येणाऱ्याला काही विचारावं लागत नाही.

घड्याळ उलटं चालवा

जेवणाच्या वेळेपासून मागे मोजत जा. समजा आठ वाजता बसायचं आहे आणि मुख्य पदार्थ भाजलेल्या मांसाचा आहे, ओव्हनमध्ये दीड तास लागणारा. भाजलेलं मांस कापण्याआधी वीस मिनिटं तसंच राहू द्यावं लागतं, म्हणजे त्यातला रस आतच राहतो. कापायला दहा मिनिटं. म्हणजे ते साडेसातला बाहेर यायला हवं, सहाला आत जायला हवं आणि ओव्हन पावणेसहाच्या आत सुरू व्हायला हवा. मसाला लावायला अर्धा तास आणि काही अडलं तर हाताशी असावा म्हणून आणखी अर्धा तास. म्हणजे कामाला पावणेपाचला लागायचं.

आता बाकीचे पदार्थ याच्या भोवती बसवा. भात भिजवायचा ६:५० ला, चढवायचा ७:२० ला, म्हणजे झाकणाखाली वाफ जिरायलाही वेळ मिळतो. कच्च्या भाज्या सातला चिरून फ्रीजमध्ये. मीठ, लिंबू ताटं वाढतानाच, नाहीतर पाणी सुटतं. आधी करून ठेवलेले दोन जोडीचे पदार्थ साडेसातला गरम करायला. इथे शेगडी दोनच बर्नरची असेल तर अडचण दिसते: एकावर भात, दुसऱ्यावर एक पदार्थ, मग तिसरा कुठे? साडेसातला मांस बाहेर काढलेलं असतं, ओव्हन तापलेलाच असतो, तिसरा पदार्थ त्यात. असे पेच आदल्या रात्री कागदावर सुटतात. म्हणून हे वेळापत्रक मनात ठेवू नका, लिहून फ्रीजच्या दारावर चिकटवा.

सांभाळायच्या गोष्टी

कच्चं मांस आणि कच्च्या खायच्या भाज्या यांना सुरी आणि पाट वेगळे. कोंबडीसारख्या पक्ष्याचं मांस आत ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोचायला हवं. नुसत्या रंगावरून ते नक्की कळत नाही, त्यामुळे स्वयंपाकाचा थर्मामीटर घेणं योग्य. तयार अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवा. मधल्या तापमानात ते दोन तासांहून जास्त राहू देऊ नका, आणि हवा ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर एकच तास.

“काही मदत करू का?” असं घरातल्या कोणी विचारलं तर “नको, राहू दे” म्हणू नका. पाणी भरणं, ताटं मांडणं, भाज्या धुणं अशी नेमकी कामं आधीच वाटून ठेवा. मुलांनाही एखादं खरं काम द्या. जेवायला बसण्याआधी सिंक रिकामं असेल तर नंतरचा कंटाळा निम्मा होतो.

एखादा पदार्थ तळाला लागला तर ढवळू नका. वरचा भाग हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात काढा, तळ खरवडू नका. खारट झालं तर बटाट्याचा तुकडा टाकण्यात वेळ घालवू नका. तो मीठ निवडून शोषत नाही. बिनमिठाचं साहित्य घालून पदार्थ वाढवणं हाच उपाय. उशीर होणार असं दिसलं तर ते सांगून टाका आणि थोडं काही खायला पुढे ठेवा. भुकेल्या माणसांना वाट पाहायला लावणं हे एखादा पदार्थ रद्द करण्यापेक्षा वाईट, तेव्हा रद्द करावा लागला तर खुशाल करा.

उरलेलं अन्न

जेवण आटोपलं की गप्पांना बसण्याआधी उरलेलं उथळ डब्यांत भरा. खोल पातेल्यातलं अन्न मधोमध तासन्‌तास कोमट राहतं. बहुतेक शिजवलेले पदार्थ फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस टिकतात. भात मात्र दुसऱ्या दिवशी संपवा. त्यातले काही जिवाणू शिजवूनही मरत नाहीत आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही, म्हणून तो बाहेर राहू न देणं महत्त्वाचं. खाताना लागेल तेवढंच काढून चांगलं वाफाळेपर्यंत गरम करा.

आणि वेळापत्रकाचा तो कागद टाकून देऊ नका. कोणता पदार्थ किती उरला, कशाला लिहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला, मुलांनी काय पुन्हा मागून घेतलं, एवढं त्याच रात्री त्याच्यावर लिहून ठेवा.