मेटल सिंगल करायचंय? आधी 'पॅरानॉइड' कसं झालं ते बघा

पहिलं सिंगल, म्हणजे एकटंच रिलीज करायचं गाणं, करायला घेतलं की पोरं सात-आठ मिनिटांचं गाणं रचत बसतात आणि ते कधी पूर्णच होत नाही. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश मेटल बँडचं पॅरानॉइड लावा, तीन मिनिटं पण भरत नाही. १९७० मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत अल्बम होत आला होता पण मिनिटं कमी पडत होती, प्रोड्यूसर रॉजर बेनला अजून एक छोटं गाणं हवं होतं, बाकीचे जेवायला गेले, गिटारिस्ट टोनी आयोमी गिटार घेऊन तिथेच बसला आणि ते परत येईपर्यंत रिफ, म्हणजे गाण्यात परत परत वाजणारी गिटारची छोटी धून, तयार! बेस वाजवणाऱ्या गीझर बटलरने तिथल्या तिथे शब्द लिहिले. जागा भरायला केलेलं हे गाणं ब्रिटनमध्ये ४ नंबरला गेलं आणि अल्बमला नाव पण त्याचंच लागलं.

म्हणून एकच रिफ धरा, दोन-तीन पॉवर कॉर्ड (दोनच सुरांचे कॉर्ड) पुरे. मेट्रोनोम (ताल देणारं यंत्र) मिनिटाला १६० ठोक्यांच्या आसपास लावा आणि सगळे डाउनस्ट्रोक, म्हणजे वरून खाली फटके, मारा, खाली-वर पिक केलं की तो जोर जातो. पाम म्यूटसाठी (तळव्याने तारेचा आवाज दाबायला) तळव्याची कड ब्रिजवर, तार जिथून सुटते तिथेच टेकवायची, जरा पुढे सरकली की सूर मरतो आणि नुसतं थप थप ऐकू येतं. माझे दोन आठवडे यातच गेले पण तुम्हीही द्या, खरंच फरक पडतो.

तारा जड जात असतील तर बिनधास्त पातळ सेट लावा. आयोमी डावखुरा, १७ व्या वर्षी बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या, म्हणजे तारा दाबायच्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली, तर त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं आणि बँजोच्या पातळ तारा गिटारला चढवल्या. मला तर हे वाचून रडू आलं होतं.

रेकॉर्ड करताना गेन (गिटारचा आवाज फाटवणारं ॲम्पवरचं बटण) कमीच ठेवा, खोलीत भारी वाटतो तेवढा गेन रेकॉर्डिंगमध्ये सगळा चिखल करतो. रिफ दोनदा वाजवा, कॉपी-पेस्ट नको, एक टेक डावीकडे आणि एक उजवीकडे, बेस रिफलाच चिकटून. शब्दांसाठी यमक शोधत बसू नका, मनात जे सलतंय ते लिहा, पॅरानॉइडमध्ये तर 'पॅरानॉइड' हा शब्द एकदाही गायलेला नाही, तरी डोक्यातली घुसमट कळते. आणि कोरस (धृपद) सुचत नसेल तर सोडून द्या, त्यातही नाहीये.