गीझरपासून विहिरीच्या मोटरीपर्यंत: आयओटी वस्तू वापरताना या चुका टाळा

स्मार्ट प्लग, वायफाय कॅमेरा, दाराचं स्मार्ट लॉक, शेतातला मोबाईल स्टार्टर (फोनवरून मोटर चालू-बंद करणारी पेटी)... आयओटी म्हणजे हेच सगळं, नेटला किंवा सिमला जोडलेल्या रोजच्या वस्तू. आता त्या गावोगाव पोचल्यात आणि खरंच उपयोगी आहेत, रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं वाचतं ही काही छोटी गोष्ट नाही. पण तक्रारीही तेवढ्याच ऐकू येतात आणि "चायना माल, दुसरं काय होणार" म्हणत लोक वस्तू कपाटात टाकून देतात, खरं कारण मात्र भलतंच असतं. माझं म्हणणं एवढंच की कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी दुकानदाराला विचारा, नेट गेलं, लाईट गेली किंवा कंपनीच बंद पडली तर ही काय करणार? किंमत नंतर विचारा.

गीझर भलत्याच प्लगवर लावणं

ही चूक आधी सांगतो कारण यात आग लागू शकते. बाजारात स्मार्ट प्लग १० अँपिअरचे पण मिळतात आणि १६ चे पण, दिसायला सारखेच, दहावाला स्वस्त म्हणून लोक तो उचलतात. आता २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला ९ अँपिअरच्या आसपास करंट घेतो आणि ३००० वॅटचा १३ च्या आसपास. म्हणजे ३००० वाला दहाच्या प्लगवर लावायचाच नाही, आणि २००० वाला कागदावर बसतो पण जुन्या घरातलं सॉकेट ढिलं असेल तर पिन तापायला लागते. गीझर वीसेक मिनिटं चालू ठेवा, मग भिंतीचा खटका बंद करून प्लग काढून बघा, प्लास्टिक चांगलंच गरम लागलं किंवा पितळी पिनेच्या मुळाशी तपकिरी कडा दिसली तर तो प्लग परत लावू नका, सॉकेटही बदलून घ्या. एक्स्टेंशन बोर्डावर तर नकोच, आणि बाथरूमच्या आत वाफेत पण नको.

पाण्याच्या मोटरीचं अजून वेगळं. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्याने प्लगच्या आतल्या रिलेचे, म्हणजे छोट्या स्विचचे, पॉइंट चिकटतात, मग ॲपवर "ऑफ" दिसतं आणि मोटर चालूच, टाकी वाहतेय. मोटरीला मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेलणारा मोठा स्विच, हवाच, इलेक्ट्रिशियनला हाच शब्द सांगा, त्याला कळतं.

"डिव्हाइस सापडत नाही"

नव्वद टक्के वेळा म्हणा ना, राउटरचा मामला असतो. घरातले बहुतेक स्मार्ट बल्ब आणि प्लग वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँडवर चालतात, आणि हल्लीच्या फायबरवाल्यांच्या राउटरला २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने असतात, फोन बसतो ५ वर आणि बल्ब बिचारा शोधत राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडणी होईपर्यंत ५ बंद ठेवा, नाहीतर २.४ चं वेगळं गेस्ट नेटवर्क बनवून सगळ्या आयओटी वस्तू तिकडेच टाका. मला दुसरा उपाय जास्त पटतो, कारण उद्या स्वस्तातल्या बल्बमधून कोणी घुसलंच तरी तुमचा लॅपटॉप वेगळ्या नेटवर्कवर राहतो. आणि राउटर बदलला तर नव्याला नाव आणि पासवर्ड जुनाच द्या, सगळ्या वस्तू आपोआप जोडल्या जातात, नाहीतर एकेक बल्ब काढून परत सुरुवात.

पहाटे तीनला लाईट येते आणि बेडरूमचा बल्ब फुल्ल पेटतो, ही पण नेहमीची तक्रार. बिघाड नाहीये तो, ॲपमध्ये "पॉवर ऑन" नावाचं सेटिंग शोधा आणि "लास्ट स्टेट" करा, म्हणजे बंद होता तर बंदच राहील. लाईट सारखी ये-जा करत असेल तर काही बल्ब रीसेट पण होतात, कारण पटपट चालू-बंद केलं की पेअरिंग मोडला, म्हणजे नव्याने जोडायच्या अवस्थेत, जायचं हीच त्यांची पद्धत. राउटरला छोटा मिनी यूपीएस लावून घ्या, तेवढ्याने अर्ध्या कटकटी कमी होतात.

कॅमेरा तुमचा, लॉगिन मेकॅनिकचं

याबद्दल मात्र मला मनापासून काळजी वाटते. कॅमेरे बसवायला येणारा पोरगा घाईत असतो, तो स्वतःच्या ईमेलवर अकाउंट काढतो, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) त्यात जोडतो आणि तुमच्या फोनवर फक्त "शेअर" करून जातो. तुम्हाला चित्र दिसतं म्हणून तुम्ही खूश, पण मालक तो राहिला. ॲपमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जा, "शेअर्ड फ्रॉम" असं काही दिसलं किंवा तुम्हाला पासवर्ड बदलायचा पर्यायच येत नसेल तर समजून जा. त्याला फोन करून त्याच्या अकाउंटमधून डिव्हाइस काढायला लावा, कॅमेरा रीसेट करा, आणि स्वतःच्या नंबरवर नव्याने जोडा. तो शेजारी उभा असताना केलं तर दहा मिनिटांचं काम आहे, लाजायचं काही कारण नाही, पैसे तुम्ही दिलेत.

दुसरं म्हणजे "ॲडमिन १२३" छापाचे पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने नेमकं हेच केलं, कंपनीने दिलेले साठेक ठरावीक पासवर्ड टाकून बघत लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन कंपनीवर हल्ला चढवला, अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स तासन् तास अडकले. ते लांबचं वाटत असेल तर २०२५ च्या फेब्रुवारीतलं राजकोटचं प्रकरण आठवा, प्रसूती रुग्णालयातलं महिला पेशंटचं फुटेज बाहेर येऊन टेलिग्रामवर विकलं जात होतं, आणि अटक झालेल्यांत महाराष्ट्रातले पण होते. बेडरूममध्ये, कपडे बदलायच्या जागी, बाळंतिणीच्या खोलीत वायफाय कॅमेरा लावूच नका, कितीही पासवर्ड टाका. दारावरचा कॅमेरा पण समोरच्यांच्या घरात डोकावत असेल तर वळवा, किंवा "प्रायव्हसी मास्क"ने तेवढा भाग झाका.

एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्हीला सुरक्षेची चाचणी सक्तीची झालीय, त्यामुळे नवा घेताना बिल घ्या, बिननावाचा डबा घेऊ नका.

शेतातला मोबाईल स्टार्टर

इथे सगळ्यात जास्त फसगत सिममुळे होते. स्टार्टरमधलं मॉड्यूल टूजी असेल तर त्यात जिओचं सिम चालणारच नाही, कारण जिओकडे टूजी नेटवर्कच नाही, आणि लोक आठवडाभर वायरिंग तपासत बसतात. घेतानाच विचारा टूजी आहे की फोरजी, आणि सिम घ्यायच्या आधी विहिरीपाशी उभं राहून कुठल्या कंपनीची रेंज येते ते बघा, घरच्या ओट्यावर बघून उपयोग नाही. पेटी पत्र्याची असेल तर अँटेना बाहेर काढा. रिचार्ज संपला म्हणून बंद पडलेले स्टार्टर तर प्रत्येक गावात सापडतील, त्याची तारीख फोनमध्ये लावून ठेवा.

ड्राय रनचं, म्हणजे पाणी नसताना मोटर आपोआप बंद करायचं, सेटिंग न करणं ही दुसरी चूक. मोटर पाणी ओढत असताना किती अँपिअर घेते आणि पाणी संपल्यावर किती, हे एकदा बघून मधला आकडा टाकायचा असतो. तो न टाकल्यामुळे विहिरीचं पाणी संपलं तरी मोटर कोरडी फिरते आणि जळते, मग रिवाइंडिंगचा खर्च.

आणि हे कृपा करून घरातल्या सगळ्यांना सांगा: "ऑटो" वर ठेवलेली मोटर लाईट आली की आपोआप सुरू होते, तुम्ही लांब आहात की पंपाशेजारी हात घालून बसलाय हे तिला कळत नाही. दुरुस्तीला बसायच्या आधी फोनवरून बंद केलं म्हणजे झालं असं समजू नका. मेन स्विच खाली पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, मगच हात लावा.

बाकी दोन गोष्टी

कंपनी बंद पडते म्हणजे काय, तर अमेरिकेतल्या इन्स्टिऑन या स्मार्ट होम कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये एकदम सर्व्हर बंद केले, लोकांच्या घरातली स्मार्ट सिस्टीम ॲपवरून चालेनाशी झाली. म्हणून भिंतीवरचा साधा खटका काढून टाकू नका, स्मार्ट मॉड्यूल त्याच्या मागे बसवा, म्हणजे हाताने पण चालतं.

स्मार्ट लॉकमध्ये रिचार्जेबल सेल घालू नका, ते १.२ व्होल्टचे असतात, लॉकला चार्ज किती उरलाय याचा अंदाज चुकतो आणि सूचना न देता ते बंद पडू शकतं, साधे अल्कलाइनच घाला. चावी सोबत आलेली असते ती घरातल्याच ड्रॉवरमध्ये ठेवतात बरेच जण, ती एखाद्या विश्वासातल्या शेजाऱ्याकडे किंवा नातेवाइकांकडे द्या, आणि महिन्यातून एकदा चावीने लॉक उघडून बघत जा.