शिसं कण्यांसारखं झालं तेव्हा

हरिपूरच्या संगमावर, कृष्णा-वारणेच्या ओढीत गळ टाकायचा तर वजन दणकट लागतं. ती शिशाची वजनं मी घरीच ओततो. मागच्या महिन्यात फजिती झाली. टायरवाल्याकडून चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं आणली, त्यात नळाचं मऊ शिसं घातलं. वितळलं, पण पळीत घेतलं तर ज्वारीच्या कण्यांसारखं! साचा निम्माच भरला.

मी आच वाढवली होती, तिथंच चुकलो. त्या वजनांत काही जस्ताची असतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ ला. जास्त आचेनं जस्तही वितळून शिशात मिसळलं, म्हणून त्या कण्या. आच बेताची असती तर जस्ताचे तुकडे वर तरंगले असते, अलगद काढता आले असते. आता तो घाणा मोडीत.

दुसऱ्या खेपेला एकेक वजन फरशीवर टाकून पाहिलं. शिसं 'थप्प' करतं, जस्त 'टण्ण'. शंका आली तर पक्कड लावायची. शिशाला दात लगेच उमटतात. मग तीन भाग मऊ शिसं, एक भाग टायरची वजनं, कारण त्यांतल्या अँटिमनी या मूलद्रव्यानं कडकपणा येतो. मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळलं, वरचा मळ काढला. खाली आरसा!

साचा आधी शेगडीवर तापवून कोरडा केला. ओलाव्याचा थेंब राहिला तर शिसं तोंडावर उडतं. काम परसातच, धूर अंगावर न घेता. बॅटरीच्या प्लेटा मी शिवत नाही, त्यांचा धूर फारच विषारी. आणि ती पळी स्वयंपाकघरात परत जाणार नाही, हे बायकोनं आधीच बजावलंय.