इन्फ्रारेड फोटोतला पांढुरका डाग

दौलताबादच्या किल्ल्यावर ७२० नॅनोमीटरचा फिल्टर (मुख्यतः इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आत सोडणारी काच) लावून फोटो काढले, तर सगळे लालभडक आणि मधोमध पांढुरका डाग! लालीचा इलाज सोपा: उन्हातल्या हिरव्या गवतावर कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला, म्हणजे तेच पांढरं धर असं कॅमेऱ्याला सांगितलं. डागानं मात्र पिच्छा पुरवला. फिल्टर पुसला, लेन्स पुसली. शेवटी अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ १६ वरून एफ ८ वर आणून मोठं केलं, तेव्हा तो जवळपास गेला. काही लेन्सच्या आतच इन्फ्रारेड प्रकाश उसळतो. छिद्र बारीक केलं की डाग उठून दिसतो.

सेन्सरपुढची काच इन्फ्रारेड अडवते, म्हणून आपल्या मराठवाड्याच्या रणरणत्या उन्हातही शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागतं. ट्रायपॉड हवाच. फोकस फिल्टर लावायच्या आधी करून मॅन्युअलवर टाका. चांदमिनाराजवळचे कडुलिंब पांढरेशुभ्र आले. वाऱ्यानं शेंडे तेवढे पुसट झाले, त्याला इलाज नाही.