अँटीबॉडी चिपवर बसत नाही? आधी या चुका तपासा

रेणू चिकटला की संकेत देणाऱ्या सोन्याच्या सेन्सर चिपवर कार्बोक्सिमिथाइल डेक्स्ट्रानचा (कार्बोक्सिल गट असलेल्या शर्करा-साखळ्यांचा) थर आहे, ईडीसी-एनएचएस पद्धतीने (ही दोन रसायनं थरातल्या कार्बोक्सिल गटांना सक्रिय करून एस्टर बनवतात, तो अँटीबॉडीशी जुळतो) अँटीबॉडी जोडली, तरी संकेत वाढत नाही. अशा वेळी पहिला संशय अँटीबॉडीवर जातो. बहुतेकदा ती चांगली असते, घोळ बफरचा, म्हणजे ती ज्या द्रावणात आहे त्याचा असतो.

जोडणी होते ती अँटीबॉडीतल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या अमाइन गटाशी. द्रावणात ट्रिस किंवा ग्लायसिन असेल तर त्यांचे अमाइन गट आधीच जागा अडवतात. विकतच्या कुपीत बऱ्याचदा सोडियम अझाइड (जंतुरोधक) आणि बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) असतं. ट्रिस, ग्लायसिन आणि अझाइड डिसॉल्टिंग कॉलमने (लहान रेणू वेगळे करणाऱ्या नळीने) निघतात. बीएसए मोठं प्रथिन आहे, ते निघत नाही आणि स्वतःच चिपवर जाऊन बसतं. म्हणून बीएसए नसलेलीच कुपी मागवा.

ईडीसीची बाटली उणे २० अंशांवरून काढून लगेच उघडू नका. आत दव धरतं, कोकणातल्या पावसाळ्यात तर हमखास, आणि ओल लागलेला ईडीसी निकामी होतो. ०.४ मोलर ईडीसी (मिलिलिटरला सुमारे ७७ मिलिग्रॅम) आणि ०.१ मोलर एनएचएस (११.५ मिलिग्रॅम) पाण्यात वेगवेगळे विरघळवा, ऐन वेळी समप्रमाणात मिसळा आणि ७ मिनिटं चिपवरून सोडा. लगोलग अँटीबॉडी. तयार झालेला एस्टर पाण्याने फुटत राहतो, पीएच ८.६ ला, ४ अंशांवरही त्याचं अर्धायुष्य जेमतेम १० मिनिटं.

पीबीएसमधली (फॉस्फेटच्या खारट बफरमधली) अँटीबॉडी तशीच सोडणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. डेक्स्ट्रानचा थर ऋणभारित असतो. समविद्युत बिंदूच्या (ज्या पीएचला तिचा एकूण भार शून्य असतो, त्याच्या) खालच्या पीएचला अँटीबॉडी धनभारित होऊन त्यात ओढली जाते, पण मीठ ही ओढ मारतं. म्हणून ती १० मिलिमोलर सोडियम अ‍ॅसिटेटमध्ये घ्या. सक्रिय न केलेल्या चिपवर पीएच ४, ४.५, ५ आणि ५.५ तपासा; चांगली ओढ देणारा सर्वांत वरचा पीएच निवडा. सक्रिय करण्याच्या टप्प्यात मात्र अ‍ॅसिटेट नको, त्याचा कार्बोक्सिल गट ईडीसी खातो.

शेवटी उरलेले सक्रिय गट बंद करायला १ मोलर इथेनॉलअमाइन, पीएच ८.५, ७ मिनिटं. ते टाळलं तर पुढचा नमुनाच चिपला जोडला जातो. ईडीसीशिवाय एक फेरी नक्की घ्या. धुतल्यावरही त्यात जे उरेल ते नुसतं चिकटलेलं.

अँटीबॉडी बसली, पण अँटिजेन (तिचं लक्ष्य) पकडत नाही? गर्दी झाली असेल, प्रमाण कमी करा. तरीही जमलं नाही, तर पकडण्याच्या जागेतलंच लायसिन अडकलं असावं. मग एफसी भागातली (अँटीबॉडीच्या शेपटाकडची, पकडण्याच्या जागेपासून दूरची) शर्करा परआयोडेटने ऑक्सिडाइज करून हायड्राझाइड पृष्ठभागावर जोडा.