जुन्या विंडोजसाठी फायरवॉल निवडताना

सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या हळदीच्या पेढीवर जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज ७ ठेवावेच लागत असेल, तर त्याचे नियमित सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबले, हे धरूनच फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरच्या नको असलेल्या जोडण्या अडवणारी यंत्रणा, निवडावी. पहिली भिस्त राउटरच्या फायरवॉलवर ठेवावी, कारण ती संगणकाच्या उणिवांवर अवलंबून नसते. मात्र राउटरचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत हवे. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्राम ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून (नेटवर्क जोडणीच्या क्रमांकित दारातून) पसरला, म्हणून तो पोर्ट आणि रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचा, ३३८९ संगणकावरही बंद करावा. स्वतंत्र फायरवॉल घ्यायची झाल्यास निर्माता तिची विंडोज ७ साठीची आवृत्ती अजून अद्ययावत करतो का, हे आधी पाहावे. बाहेर जाणारी जोडणी प्रोग्रामनिहाय अडवण्याची सोय मला अत्यावश्यक वाटते. बँकेचे व्यवहार मात्र दुसऱ्या संगणकावरच करावेत.